पाण्याची भिंत

बावीस वर्षं मी पुण्यातल्या लोकांची स्वयंपाकघरं सजवली. मिक्सर कुठे ठेवायचा यावरून नवरा-बायकोत लागलेली भांडणं सोडवली, देवघर ईशान्येला बसत नाही म्हणून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या सासवांची समजूत काढली, आणि ‘हँडल नको, धूळ बसते’ म्हणणारं गिऱ्हाईक पुढे ते कपाट नखांनी उघडताना दिसलं तरी गप्प बसले. त्यामुळे विमानतळावरच्या लाउंजचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी शनिवार पेठेतल्या माझ्या दीड खोलीच्या ऑफिसचं दार लावून घेतलं आणि एकटीच दोन मिनिटं हसले. रोज शेकडो अनोळखी माणसं जिथे येऊन बसतील अशी जागा मला करायची होती, आणि त्यांपैकी एकाचीही सासू माझ्याशी बोलायला येणार नव्हती.

काम मिळालं ते सर्जेरावांमुळे. सर्जेराव वारज्याचे. त्यांच्या वडिलांनी जिथे ज्वारी पेरली तिथे आता चार इमारती आणि एक मंगल कार्यालय उभं आहे. लाउंजच्या बांधकामाचा ठेका त्यांनी घेतला होता आणि त्यांच्या घरचं स्वयंपाकघर मी केलं होतं.

“म्याडम, तुम्ही आमच्या घरातल्या तीन जावांना एका वट्याभवती नांदवलं,” ते म्हणाले. “विमानाची मानसं तर दोन तासच बसनार हायत.”

लाउंज चालवणाऱ्या कंपनीची मागणी एका ओळीची होती: प्रवाशाला शांत वाटलं पाहिजे आणि आपलंसं वाटलं पाहिजे. मी पास काढून तीन दिवस विमानतळावर नुसती बसून राहिले. माणसं गोंगाटाने त्रासत नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. त्रासतात ती आपलं विमान आलंय की नाही या शंकेने. दर चार मिनिटांनी माणूस उठतो, बोर्ड बघतो, बोर्डावर त्याचा विश्वास बसत नाही, मग शेजाऱ्याला विचारतो, आणि शेजाऱ्यावर तर मुळीच बसत नाही. ज्याला काचेतून आपलं विमान उभं दिसत असतं तो मात्र पाय पसरतो आणि डोळे मिटतो. लाउंजसाठी दिलेल्या हॉलची पूर्वेची बाजू नेमकी विमानं उभी राहतात तिकडे होती. मी तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच खिडकी काढली आणि तिच्यासमोर उंच पाठीच्या, रुंद, बुटक्या खुर्च्या. बाकीचं सगळं, रंग, दिवे, चहाचं टेबल, कुणीही केलं असतं. ती खिडकी म्हणजे माझं काम होतं.

मग यज्ञेश्वर आले.

त्यांना कंपनीने शांततेचे सल्लागार म्हणून नेमलं होतं. अशी नोकरी असते हे मला तोवर माहीत नव्हतं. मूळचे शनिवार पेठेतलेच, माझ्या ऑफिसपासून चार गल्ल्या पलीकडचे, पण पंचवीस वर्षं सिंगापुरात. कार्डावर नुसतं ‘यज’ असं छापलेलं होतं. ईश्वराला त्यांनी बहुधा इमिग्रेशनलाच सोडलं होतं. त्यांनी माझ्या नकाशावर आपला नकाशा पसरला. माझी खिडकी होती तिथे काळ्या दगडाची भिंत होती, आणि तिच्यावरून छतापासून जमिनीपर्यंत पाणी वाहत होतं.

“पाण्याचा आवाज ऐकला ना, सरोजिनी, की मेंदू लहान बाळ होतो,” ते म्हणाले. “इट्स प्रूव्हन.”

“आणि खिडकी?”

“विमान दिसलं की प्रवास आठवतो. प्रवास आठवला की टेन्शन.”

“म्हणजे विमानतळावर आलेल्या माणसाला आपण प्रवासाला निघालोय हे विसरायला लावायचं?”

“एक्झॅक्टली,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे कौतुकाने बघितलं.

मला इतका राग आला की घसा कोरडा पडला. पण त्यांच्यासमोर पाणी पिणं म्हणजे त्यांना दुजोरा दिल्यासारखं झालं असतं, म्हणून तशीच बसले. भिंत झाली तर मी सिंगापूरच्या नकाशाप्रमाणे फरश्या बसवून घेणारी बाई उरणार होते. आणि पुन्हा कुणाच्या तरी मिक्सरची जागा शोधायला जाणार होते.

मी इतके वाद घातले की कंपनीने शेवटी चाचणी घ्यायची ठरवली. विमानतळात चाळीस माणसं उगाच सोडत नाहीत, म्हणून सर्जेरावांचं मंगल कार्यालय घेतलं. लग्नाचा मुहूर्त नव्हता. तिथे लाउंजच्या खुर्च्या मांडल्या, प्लायवूडची भिंत उभी करून तिच्यावर धबधब्याचा भलामोठा फोटो चिकटवला, मागे चार स्पीकर लावले. वारज्याची वीस आणि पेठेतली वीस अशी चाळीस माणसं चहा-नाश्त्याच्या बोलीवर बोलावली. ती दोन तास निवांत बसली तर भिंत होणार होती. त्यानंतर आठवड्याने मुख्य कचेरीतल्या मोठ्या बाई येऊन सही करणार होत्या.

माणसं वेळेवर आली. दोघांनी आहेराची पाकिटं आणली होती. एका आजोबांनी नवरदेव कुठल्या गावचा ते विचारलं आणि नवरदेव नाही म्हटल्यावर हळहळले. सगळी स्थिरस्थावर झाल्यावर यज्ञेश्वरांनी परदेशातल्या कुठल्याशा जंगलातल्या धबधब्याचं रेकॉर्डिंग सुरू केलं, कानांवर मोठाले हेडफोन चढवले आणि कोपऱ्यात बसून सिंगापूरशी बोलू लागले.

खरं सांगायचं तर पहिली दोन मिनिटं तो आवाज फार गोड वाटला. आपण हरलो, असं मी मनातल्या मनात म्हणूनही टाकलं. तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेल्या सर्जेरावांच्या आई, तुळजाबाई, यांनी हातातला कप खाली ठेवला.

“सर्जा, मोटार बंद कर. टाकी भरली.”

“आये, टाकी न्हाय ती. टेपवर हाय.”

“टेपवर असू दे न्हायतर कुटं बी असू दे. पानी चाललंय न्हवं?”

तिथून पुढे सगळं बिघडत गेलं. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पर्समधून फोन काढला आणि घरी सांगितलं, “गॅलरीतला नळ बघ गं, मी बंद केला होता ना?” मागच्या रांगेत टँकर आला असावा अशी कुजबुज सुरू झाली. माधवराव म्हणून आमच्या पेठेतले निवृत्त गणिताचे शिक्षक आहेत. ते उठून स्वच्छतागृहात गेले, दोन्ही बाजूंचे नळ तपासून आले आणि उभ्यानेच म्हणाले, “तिथले सगळे नळ बंद आहेत. याचा अर्थ गळती भिंतीत आहे. हे जास्त गंभीर आहे.”

मला हे आधीच सुचायला हवं होतं. पेठेत पाणी पहाटे येतं आणि डोळा लागला तर निघून जातं. वारज्याकडे टँकर कुणाच्या गेटशी आधी थांबला यावरून सख्खे शेजारी वर्षवर्ष बोलत नाहीत. आमच्या ओळखीत एक लग्न केवळ दाढी करताना मुलाने नळ वाहता ठेवला म्हणून मोडलंय. वाहत्या पाण्याचा आवाज येत असताना पुणेकर खुर्चीत बसून राहिलाय असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. आणि लपवण्यात अर्थ नाही, त्या दिवशी मीही एकदा जाऊन स्वच्छतागृहातले नळ पिळून आले.

अर्ध्या तासात सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. अकरा माणसं प्लायवूडच्या मागे व्हॉल्व्ह शोधत होती आणि संपत नावाचा सर्जेरावांचा पुतण्या गाडीतून पाना घेऊन आला होता.

यज्ञेश्वरांनी हेडफोन काढले आणि आजूबाजूला बघितलं.

“सॅम्पल चुकलं,” ते म्हणाले. “ही घरात बसणारी माणसं. आपल्याला सराईत प्रवासी हवा. म्हणजे माझ्यासारखा. मी बघा, जागचा हललो का?”

“तुमचे कान झाकलेले होते.”

“सरोजिनी, डोंट बी पेटी.”

मी मिनिटामिनिटाची नोंद असलेला अहवाल मुख्य कचेरीला धाडला. यज्ञेश्वरांनी मागोमाग कळवलं की या चाचणीवरून काही निष्कर्ष काढता येत नाही, आणि मोठ्या बाई येतील तेव्हा ते स्वतः त्या खुर्चीत बसून दाखवतील.

पेटी म्हणजे कोत्या मनाची. हे मला चार गल्ल्या पलीकडच्या माणसाने म्हणावं. मी रात्रभर धुमसले आणि पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा मला एकदम शांत वाटू लागलं. आमच्याकडे मोरीत दोनशे लिटरचं निळं पिंप आहे. मी त्याच्याजवळ स्टूल ठेवलं, स्टुलावर फोन ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि नळ सोडला.

पिंप रिकामं असताना पाण्याचा आवाज घोगरा असतो. मग तो हळूहळू चढत जातो. अर्ध्यावर आलं की गोल होतो, आणि काठाशी येऊ लागलं की बारीक होत होत घाई करायला लागतो. या गावात वाढलेल्या माणसाला दुसऱ्या खोलीत पेपर वाचतानाही कळतं की आता चार बोटं राहिली. धबधबा कधी भरत नाही, म्हणून सिंगापूरचा माणूस त्याच्यासमोर बसू शकतो. माझं पिंप भरणार होतं. मी जे करत होते ते शुद्ध लबाडीचं होतं, आणि मला त्याचा इतका आनंद होत होता की मोरीच्या दारात उभी राहून मी तोंडावर पदर धरला होता.

मोठ्या बाई त्या मंगल कार्यालयातच आल्या. त्या केरळातल्या, म्हणजे जिथे पाणी वरून, खालून आणि बाजूनेही येतं तिथल्या. त्या पाण्याच्या आवाजाने उठणार नाहीत याची मला खात्री होती. बोलणं सगळं इंग्रजीत झालं. सर्जेरावांनी चहा दिला. यज्ञेश्वरांना आपल्या फोनवर भिंतीची चित्रं दाखवायची होती, तेव्हा आवाज माझ्या फोनवरून लावू या, असं मी फार मदतीच्या सुरात सुचवलं. हेडफोन आज नको, बाईंसमोर बरं दिसत नाही, हेही सुचवलं. त्यांनी माझे आभार मानले.

ते खुर्चीत रेलून बोलू लागले आणि मी बटण दाबलं.

सुरुवातीला ते फारच छान बोलले. पाणी, मेंदू, आईचा गर्भ, असं बरंच काही. पिंप अर्ध्यावर आलं तसं त्यांचं बोलणं जलद झालं. पाऊण झालं तेव्हा एक वाक्य त्यांनी दोनदा सुरू केलं आणि दोन्ही वेळा सोडून दिलं. बाई आरामात चहा पीत होत्या. सर्जेरावांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, कारण त्यांचाही पाय हलायला लागला होता. चार बोटं राहिली आणि यज्ञेश्वर ताडकन उठले, हॉल ओलांडून प्लायवूडच्या भिंतीपाशी गेले आणि जिथे काहीच नव्हतं तिथे हात लांबवून त्यांनी मनगट फिरवलं. नळ बंद करतात तसं.

मी आवाज बंद केला. इतकी वर्षं मी ज्याला समाधान म्हणत आले ते सगळं त्या क्षणापुढे फिकं होतं.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

यज्ञेश्वर भिंतीकडेच बघत राहिले, तेव्हा सर्जेरावांनी आपल्या परीने इंग्रजीत खरं ते सांगून टाकलं. आमच्याकडे पाण्याच्या आवाजाला कुणी बसत नाही, मागच्या आठवड्यात चाळीस माणसं अर्ध्या तासात उठली.

बाईंनी कप ठेवला. “अर्ध्या तासात? चाळीसच्या चाळीस?”

“यस म्याडम. म्याडमच्या रिपोर्टमदी हाय.”

“मग तुम्ही इतके दिवस मला काय विचारताय?” त्यांचे डोळे चमकत होते. “बाकी शहरांत आमचं दुखणं एकच आहे. लोक चार-चार तास उठत नाहीत. बाहेर रांग लागते, भांडणं होतात. दिसायला सुंदर, कुणाला ‘उठा’ म्हणायला नको, आणि अर्ध्या तासात खुर्ची मोकळी. ही भिंत झालीच पाहिजे.”

माझी खिडकी मी स्वतःच्या हाताने बुजवली होती, तीसुद्धा मिनिटामिनिटाच्या नोंदीसकट. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला आजही लाज वाटते.

“नाही, नाही,” मी म्हटलं, “पाण्याने फार शांत वाटतं. मेंदू लहान बाळ होतो. लोक इथून उठायचेच नाहीत. मागच्या आठवड्यात उठले ते चहा संपला म्हणून.”

सर्जेरावांचं तोंड उघडंच राहिलं. यज्ञेश्वर अजून भिंतीकडे तोंड करून उभे होते, ते वळले.

“तुमचा अहवाल तर वेगळं सांगतो,” बाई म्हणाल्या. “बरं, मग हे का उठले?”

आता सगळं यज्ञेश्वरांच्या हातात होतं. ‘मला राहवलं नाही, नळ बंद करावासा वाटला,’ एवढं एक खरं वाक्य ते बोलले असते तर भिंत त्यांची झाली असती. काळा दगड, नाव, सगळं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे.

“पिंप आहे ते,” ते मराठीत, अगदी हळू म्हणाले. “प्लास्टिकचं. दोनशे लिटरचं.”

मी मान खाली घातली. त्यांनी बाईंकडे तोंड केलं.

“मला झोप येत होती,” ते म्हणाले. “बोलता बोलता डोळे मिटायला लागले, म्हणून मी बंद करायला उठलो. हा आवाज या गावात लावू नका. लोक गाद्या घेऊन राहायला येतील.”

बाई काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. पण जे दोन तज्ज्ञ महिनाभर एकमेकांचं खोडून काढत होते ते आज एकाच गोष्टीवर ठाम होते, आणि तसं लिहून द्यायलाही तयार होते. शेवटी त्यांनी विचारलं, “खिडकी ठेवली तर लोक उठतील?”

“आपलं विमान समोर आलेलं दिसलं की माणूस आपणहून उठतो,” मी म्हटलं. “आणि ते येईपर्यंत बसतो. त्याला दोन्हीसाठी कुणी सांगावं लागत नाही.”

त्या दिवसभरात मी बोललेलं हे एवढंच खरं होतं. बाईंनी भिंतीच्या नकाशावर काट मारली आणि खिडकीच्या नकाशावर सही केली.

त्यांची गाडी गेल्यावर मी यज्ञेश्वरांना शोधत कार्यालयाच्या मागे गेले. ते भटारखान्याच्या पायरीवर बसले होते. मला जिंकल्याचा तोरा मिरवायचा होता, पण जवळ गेल्यावर ते काही जमेना.

“मी मुद्दाम केलं,” मी म्हटलं. “चुकलं माझं.”

“कळलं मला. उत्तम होतं.”

“मग तुम्ही खोटं का बोललात? भिंत तुमची होत होती.”

त्यांनी समोरचं एक मोकळं पातेलं ओढून उपडं ठेवलं.

“आई इथे एकटी असायची,” ते म्हणाले. “पहाटे पाच वाजता पाणी यायचं, तेव्हा तिकडे साडेसात. मी ऑफिसला निघायच्या आधी फोन करायचो, ती जागीच असायची ना. मागे पिंप भरत असायचं. ते भरेपर्यंत आम्ही बोलायचो. मग ती म्हणायची, ठेव आता, भरत आलं. एकोणीस वर्षं असंच. मला आवाजावरूनच कळायचं की आता फोन ठेवणार.”

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

“दोन वर्षं झाली तिला जाऊन. मघाशी मला दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, भरायच्या आत नळ बंद करावा. आणि तोच आवाज त्या बाईंना लोक उठवायला वापरायचा होता.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “ते रेकॉर्डिंग मला पाठवाल?”

मला स्वतःचा फार संताप आला. मी घाईघाईने फोन काढला आणि पाठवता पाठवता आठवलं, आणि कान गरम झाले. पेठेतल्या माणसाला हे सांगणं सोपं नव्हतं.

“एक आहे,” मी म्हटलं. “अकराव्या मिनिटाला पिंप भरतं. पण मी तुमची फजिती डोळ्यांसमोर आणून हसत उभी राहिले, आणि नळ बंद करायचा राहिला. पुढे चार मिनिटं नुसतं वाहतंय. तेवढं मी कापून देते.”

“नको,” ते म्हणाले. “ती चार मिनिटं असू द्या.”